वाघोबाच्या माळाची मालकीण

सगुणा मेंगाळला 'हो शेठ' हे दोन शब्द कमीत कमी आठ तऱ्हांनी म्हणता यायचे. सकाळी चहाचा कप टीपॉयवर ठेवताना एक, आवाज न करता सरकवलेल्या बशीसारखा. पाहुण्यांसमोर दुसरा, मान जरा खाली घालून, म्हणजे शेठची कॉलर आपोआप वर जावी. शेठ तापलेले असले की तिसरा, ओल्या फडक्यासारखा थंडगार. बाकीचे पाच सणावारी. कल्याणच्या त्या तीन मजली बंगल्यात सगळ्यांना वाटायचं, बाई कशी अगदी गाय आहे. शेवटची बारा वर्षं त्या आठांतला एकही 'हो' खरा नव्हता, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. गाईच्या तोंडाकडे कोण बघतं, माणसं दुधाकडे बघतात.

सगुणा ठाकर समाजाची. वाडी तिची उंबरवाडी. आंबिवलीला उतरायचं, रिक्षावाला 'इसके आगे नहीं जायेगा, मौसी' म्हणेल तिथे उतरायचं आणि मग अर्धा तास चढायचं. तेवीस घरं. घरांच्या वर वाघोबाचा माळ. पावसाळ्यात तिथे नाचणी आणि वरी व्हायची, बाकीचं वर्षभर गवत. माळाच्या कडेला शेंदूर फासलेला दगड, त्यावर कोरलेला वाघ. नाक झिजलंय त्याचं, त्यामुळे जरा मांजरासारखा दिसतो, पण वाडीत असं कुणी मोठ्याने बोलत नाही. माळ चौघांचा: सगुणाचा सासरा दगडू (नवरा तिचा कधीच वारलेला), गोविंदा, विधवा रखमाबाई आणि काळुराम पारधी. काळुराम एकेकाळचा उपसरपंच. तो घसा खाकरला की अर्धी वाडी उभी राहायची, कारण पुढे भाषण असायचं.

नाथाशेठ खाली गावातले, पिढ्यान् पिढ्यांचे. त्यांच्या बापाने भात लावला, आजाने मिठागरात मीठ ओढलं. शेतं गेली, टॉवर आले, नाथाचे नाथाशेठ झाले. जमीन जाते म्हणजे काय होतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणूनच दुसऱ्याची कशी न्यायची तेही त्यांना छान यायचं. माळावर त्यांचा डोळा होता. पण आदिवासीची जमीन बिगरआदिवासीच्या नावावर कलेक्टरच्या परवानगीशिवाय चढत नाही. आदिवासीच्या नावावर मात्र चढते. म्हणजे शेठना फक्त एक आदिवासी हवा होता. तो तर घरातच भांडी घासत होता.

"कं गो सगुणे," शेठ एका सकाळी म्हणाले, "हात पूस आन् मयूरसंगती जा. मोलकरनींचं सरकारी कार्ड निंगतंय. म्हातारपनी पेन्शन मिलल तुला."

मयूर म्हणजे शेठचा मुलगा. केसांना जेल आणि बोलण्याला ब्रेक नाही. त्याने तिला गाडीतून कुठल्याशा ऑफिसात नेलं, पुढ्यात कागद आला, तिने अंगठा दिला. मग कॅमेऱ्यासमोर बसवलं.

"मावशी, ऐसी रोती सूरत क्यू? कार्ड वर्षानुवर्षं राहणार. स्माईल दे ना."

मावशीने स्माईल दिली. चांगली दातांसकट.

त्याच दुपारी त्याच ऑफिसात वाडीतले चौघे आले. काळुरामने जीप ठरवली होती, आणि 'वाडीला रस्ता येतोय, त्याची संमती द्यायची, भरपाई मिळेल' असं बाकीच्या तिघांना समजावलंही त्यानेच. त्याला तसं शेठने सांगितलेलं, आणि शेठने खांद्यावर हात ठेवला की काळुरामला सगळं खरं वाटायचं. चार अंगठे, चार फोटो. हातावर काहीतरी टेकवलं गेलं. रस्ता नाही आला. सहा महिन्यांनी माळावर खांब आले, तारा आल्या.

चौघे तलाठ्याकडे गेले. सातबाऱ्यावर एकच नाव: सगुणा मेंगाळ. खरेदीखताची नक्कल काढली. त्यात शेवटच्या पानावर सगळ्यांचे फोटो ओळीने. काळुराम ती नक्कल घेऊन तिच्या दारात उभा राहिला, मागे सगळी वाडी. त्याने घसा खाकरला.

"बघा. आमची तोंडं मयताला आल्यावानी, आन् ही बघा कशी हसतीय. नवरी जशी."

सगुणाने फोटो बघितला. खरंच हसत होती. तेवढ्यात तिला सगळं कळलं, आणि हेही कळलं की आता ती काहीही बोलली तरी ते दात बोलणं खोडून काढणार. तरी ती बोलली. कार्ड, पेन्शन, मयूर, सगळं. रखमाबाई म्हणाली, "मंग हसलीस कशाला गं?"

दुसऱ्या दिवशी ती शेठकडे गेली. शेठ नाश्त्याला बसलेले, सोबत दोन-चार पाहुणे.

"शेठ, माळ माझ्या नावावर कसा काय?"

"तुज्या नावावर हाय ना? मंग तुजाच," शेठ म्हणाले. "मी कवा बोललू, माजा हाय म्हनून?"

पाहुणे हसले. मयूर तर भेळ उडेपर्यंत हसला. सगुणा आत गेली आणि कढई घासू लागली. त्या दिवशी तिने डूख धरला. साप धरतो तसा. फरक एवढाच की सापाला पगार नसतो आणि त्याला रोज सकाळी धन्याच्या घरी पोचायचंही नसतं.

वाडीने तिला वाळीत टाकलं. वाळीत टाकणं आता कायद्याने गुन्हा आहे, म्हणून तसं कुणी म्हणालं नाही. फक्त तिच्याशी बोलायचं बंद केलं. दगडू, तिचा सासरा, आजारी पडला. शेवटच्या दिवशी तिने तांब्या तोंडाला लावला तर म्हाताऱ्याने मान भिंतीकडे फिरवली. उशाशी काळुराम बसलेला. म्हणाला, "त्यांची इच्छा नाय. राहू दे." म्हातारा तहानलेला गेला.

मग लेकीचं, लक्ष्मीचं लग्न. ठाकरांच्या लग्नात वाडी नाही नाचली तर ते लग्न कसलं. ढोलवाल्याला सुपारी दिलेली. तो सकाळी आलाच नाही. दोन पोरं बांधावरून बघत होती, त्यांनाही कुणीतरी हाक मारून नेलं. नवऱ्याकडची अकरा माणसं आलेली, त्यांनी मोबाइलवर गाणं लावलं, ते मध्येच थांबायचं आणि कुठल्यातरी क्रीमची जाहिरात लागायची. लक्ष्मीने मुंडावळ्यांआडून एकदा आईकडे बघितलं. सगुणा रडली नाही. ढोलवाल्याला कोणी अडवलं ते तिला संध्याकाळपर्यंत कळलेलं होतं.

बाजूच्या बंगल्यात काम करणाऱ्या बाईचा मुलगा धम्मपाल नुकताच वकील झालेला. विठ्ठलवाडीला स्टेशनजवळ झेरॉक्सच्या दुकानावर त्याचं ऑफिस होतं, चढायला लोखंडी जिना. सगुणाने खरेदीखताची नक्कल काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती दोनदा वाचली आणि चष्मा काढला.

"मावशी, आता केस केली तर शेठ वर्षानुवर्षं तारखा घेईल. त्याच्याकडे वकील आहेत, तुमच्याकडे मी आहे. पण एक गंमत बघा. कागदावर मालकीण तुम्ही. उद्या त्याला हे विकायचं असेल, तर परवानगीसाठी साहेबासमोर तुमचा जबाब लागणार. तुम्ही स्वतः, तुमच्या तोंडाने. मुखत्यारपत्र घेतलंय का त्याने तुमच्याकडून?"

"ते काय असतं?"

"म्हणजे नाही घेतलं." धम्मपालच्या तोंडावर हसू पसरलं. "तोपर्यंत तुम्ही काय करायचं, तर काहीच नाही."

"कवापर्यंत?"

"ते शेठच्या हावरेपणावर आहे."

"मंग लांब नाय," सगुणा म्हणाली.

मुखत्यारपत्राचं शेठना त्यांच्या वकिलाने सांगितलेलं, एकदा नाही तीनदा. शेठ म्हणाले, "आमची सगुना? ती कं करनार हाय?" एवढ्या मोठ्या माणसाने आयुष्यात केलेली ही एकच चूक. पण काय झकास चूक होती.

आणि सगुणाने काहीच न करायला सुरुवात केली. ती काहीच न करण्यात इतकी मन लावून होती की बघणाऱ्याला कौतुक वाटावं. शेठने माळावर फार्महाउस काढायचं ठरवलं, तेव्हा चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, "शेठ, तारेचं कुंपण नाय शोभत तुम्हाला. दगडाची भिंत घाला. लोकं काय म्हनतील?" शेठने दगडाची भिंत घातली. "पावणे येतात, पाणी टँकरचं पितात, बरं दिसतं का?" बोअर मारली. पाणी असं लागलं की खाली झऱ्यावर हंडे भरणाऱ्या बायका वर बघत राहिल्या. "गाडीचं पोट दगडाला लागतं ना, मयूरदादा?" आंबिवलीच्या बाजूने गेटपर्यंत पक्का रस्ता झाला. ज्या रस्त्याची संमती म्हणून चौघांचे अंगठे घेतले, तो शेवटी आला, सगुणाच्या बोलण्याने. तिने हे कुणालाही सांगितलं नाही. माळावरच्या बंगल्याला मीटर लागला, मालकिणीच्या नावाने. बिल मयूर भरायचा. पोहायचा तलावसुद्धा झाला, निळ्या फरश्यांचा.

"मावशी, तुझा टेस्ट भारी आहे यार," मयूर म्हणाला.

"तुमच्याकडूनच शिकली, दादा."

भिंतीच्या सल्ल्यावरून मात्र तिची जीभ भाजायची. वाघोबा भिंतीच्या आत सापडला होता. वाडीला तिथे जाता येईना. पार्टीच्या दुसऱ्या दिवशी तिला झाडायला वर नेत. एकदा वाघोबाच्या डोक्यावर ओला टॉवेल वाळत घातलेला दिसला, पुढ्यात सिगारेटी विझवलेल्या. तिने टॉवेल घडी करून ठेवला, दगड धुतला, पदराने पुसला. "थांब," ती वाघोबाला म्हणाली. "तू पन थांब, मी पन थांबते."

बारा वर्षांनी ठाण्याची एक बिल्डर पार्टी आली. डोंगरउतारावर बंगल्यांची वसाहत काढणार, माळ हवाच. परवानगीचा अर्ज गेला, आणि प्रांत ऑफिसातून सगुणा मेंगाळ यांना जबाबासाठी हजर राहण्याचं पत्र आलं.

शेठच्या दिवाणखान्यात दोन दिवस रंगीत तालीम चालली. मयूर साहेब झालेला. सोफ्यावर पाय टाकून, नाकातून आवाज काढून: "हं, तर बाई, ही जमीन तुम्ही कुणाच्या दबावाखाली विकत आहात काय?"

"नाय साहेब. राजीखुशीने."

"पैशाचं काय करणार?"

"लेकीला देनार, साहेब."

"व्वा. मावशी, ऑस्कर."

शेठने तिला नवी साडी घेतली. हिरवी, काठाची. तिनेही ती नेसली. कशाला सोडायची.

प्रांत ऑफिसातल्या मॅडम तरुण होत्या आणि त्यांना सर्दी झालेली. कारकून लिहीत होता. शेठ आणि मयूर मागच्या खुर्च्यांवर बसलेले, ठाण्याच्या पार्टीचा एक टायवाला बाजूला. धम्मपाल दाराशी उभा. शेठने त्याला कधी बघितलेलं नव्हतं.

"सगुणाबाई, ही जमीन तुमची आहे?"

"हो मॅडम."

"तुम्हाला ती विकायची आहे?"

"नाय."

कारकुनाचं पेन थांबलं. शेठला वाटलं, बाई घाबरली. ते प्रेमाने म्हणाले, "सगुने, नीट आयक गो, मॅडम कं इचारतान."

"नीटच ऐकलं," सगुणा म्हणाली. "मॅडम, विकायची नाय मला. माझी जमीन हाय, माझीच ऱ्हानार. त्यावर बंगला हाय, भिंत हाय, बोअर हाय. सगळं माझ्या जमिनीवर. मीटर पन माझ्या नावाचा. हे बिल."

मॅडमनी बिल बघितलं. मग अर्जासोबतचा जागेचा फोटो बघितला, निळा तलाव दिसत होता. मग मागे बघितलं.

"आपण कोण?"

मॅडम रुमालाने नाक पुसत वाट बघत राहिल्या. नाथाशेठने आयुष्यात हजार ठिकाणी 'मी नाथाशेठ' म्हटलं असेल. पण इथे काय म्हणणार? जमीन माझी, नाव तिचं वापरलं, म्हणावं तर गुन्हा स्वतःच्या तोंडाने कबूल. बंगला मी बांधला म्हणावं तर पुढचा प्रश्न, कुणाच्या जमिनीवर आणि का. कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आला. मयूरने मोबाइलमध्ये तोंड घातलं. टायवाला उठून केव्हा गेला कुणी बघितलं नाही.

"ओलखीचा हाय," शेठ म्हणाले. "बाईंच्या ओलखीचा."

"मग बाहेर बसा," मॅडम म्हणाल्या, आणि शिंकल्या.

व्हरांड्यात शेठने तिला गाठलं. आवाज खाली, दात वर. "सगुने, वीस वर्सं माजं मीठ खाल्लंस."

"खाल्लं ना शेठ. मीठ मी खाल्लं, जमीन तुम्ही खाल्ली."

"तुला बघून घेतू मी."

"घ्या बघून. साडी नवीनच हाय," ती म्हणाली. तेवढ्यात धम्मपाल पुढे झाला आणि अत्यंत सभ्य, पुस्तकातल्यासारख्या मराठीत सांगू लागला की अशा वाक्यांना आदिवासींच्या बाबतीत कायद्याची कोणकोणती कलमं लागतात. चौथ्या कलमाला शेठ गाडीत जाऊन बसले. मयूर जाता जाता वळला. "मावशी, तू तो बहुत चालू निकली यार," तो म्हणाला, आणि आवाजात खरंतर जरा आदरच होता.

चार दिवसांनी शेठचा टेम्पो माळावर आला. गेटला सगुणाचं कुलूप. शेठ टेम्पोपाशी, सगुणा गेटात.

"जे उचलता येतं ते न्या," ती म्हणाली. "जमिनीला जे चिकटलंय, ते जमिनीचं."

सोफे गेले, टीव्ही गेला, एसी गेले, मयूरचं व्यायामाचं यंत्र गेलं. भिंत राहिली. बोअर राहिली. रस्ता राहिला. निळा तलाव तर हलवणार कसा? शेठ शेवटी त्याच्या काठाशी उभे राहून बराच वेळ पाण्यात बघत होते. सगुणाने पेला भरून आणला.

"घ्या शेठ. बोअरचं हाय. गोड लागलंय."

शेठ प्याले नाहीत. ती त्यांच्यासमोर उभी राहून सावकाश, घोट घोट करत तो पेला पिऊन गेली.

एवढ्यावर दुसऱ्या कुणाचं समाधान झालं असतं. पण शेठ तर परका होता, परक्याने लुबाडलं तर निदान आश्चर्य तरी वाटत नाही. सगुणाची खरी उधारी वाडीत होती.

वाडीत आता सगळ्यांना सगळं कळलेलं. रखमाबाई येऊन पायाशी बसली आणि रडली. गोविंदाने गवताचा भारा आणून दिला. सगुणाने धम्मपालकडून बक्षीसपत्रं लिहून घेतली होती, ज्याचा वाटा त्याला परत. एक गोविंदाचं, एक रखमाबाईचं, एक काळुरामचं. सासऱ्याचा वाटा तिच्याकडे. सही करायला ती या बारा वर्षांत शिकली होती, पण अजून कुठल्याच कागदावर केली नव्हती. "वाघबारशीला करू," ती म्हणाली. "वर माळावर, सगळ्यांसमोर. मंग ऑफिसात नोंद करू."

दिवाळीच्या आधी वाघबारस येते. त्या दिवशी गुराखी वाघोबाला शेंदूर लावतात, दुधा-गुळात भात शिजवतात. आणि एकाने वाघ व्हायचं. अंगावर राखेचे पट्टे ओढून चार पायांवर यायचं. बाकीच्यांनी काठ्या घेऊन घेरायचं आणि विचारायचं, येशील का आमच्या शिवारी? वाघाने म्हणायचं, नाय येनार. असं तीनदा. मग त्याला शिवेबाहेर पिटाळायचं, म्हणजे वर्षभर गुरं सुखरूप. वाघाने दुसरं काही म्हणायचं नसतं. म्हटलं तर वाडीच्या गुरांवर संकट. वाघ नेहमी दहा-बारा वर्षांचं पोर होतं.

बारा वर्षांनी वाडी वाघोबासमोर जमली. लक्ष्मी सासरहून आलेली, कडेवर पोरगी. पोरांमध्ये वाघ कोण यावरून भांडण लागलं.

"औंदा वाघ काळुराम," सगुणा म्हणाली.

काळुरामने घसा खाकरला. या वेळी कुणी उभं राहिलं नाही. पांढरी पँट, हातात घड्याळ, वय साठीला टेकलेलं. त्याने गोविंदाकडे बघितलं, गोविंदा वाघोबाकडे बघत होता. तिन्ही कागद सगुणाच्या मांडीवर होते.

काळुराम गुडघ्यांवर आला. एक गुडघा कडकन वाजला. पोरांनी आनंदाने त्याला राखेचे पट्टे ओढले, पँटवरसुद्धा, एकाने कोळशाच्या मिशा काढल्या. सगुणा काठी घेऊन पुढे झाली.

"जीप कोनी आनलेली?"

हे काही विधीत नव्हतं.

"मी," वाघ म्हणाला.

"मोठ्याने. मागं रखमाबाईला ऐकू येत नाय."

"मी आनलेली."

"लक्ष्मीच्या लग्नाला ढोलवाल्याला नको जाऊ कोन बोललं?"

"मी."

"का?"

राख काळुरामच्या नाकावरून गळत होती. "मला कुनी बोलू नये म्हनून," तो म्हणाला. "लोकांनी तुझ्याकडं बघावं, माझ्याकडं नाय."

"दगडूबाबाने आपल्या मनाने मान फिरवलेली, का तू सांगितलेलंस त्यांना?"

"मी सांगितलेलं."

सगुणाने काठी दुसऱ्या हातात घेतली. मग ती नेहमीच्या सुरात, विधीच्या सुरात म्हणाली, "येशील का आमच्या शिवारी?"

काळुरामने वर बघितलं. त्याचा स्वतःचा वाटा तिथेच होता, त्याच्या हाताखालचं गवत. पण रीत ती रीत. सगळी वाडी ऐकत होती, गुरं खाली बांधलेली होती.

"नाय येनार."

दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. पोरं काठ्या आपटत धावली, काळुराम आधी चार पायांवर आणि मग दोन पायांवर पळाला, गेटाबाहेर गेला, आणि सगुणाने गेट लावून घेतलं.

गोविंदाच्या कागदावर तिने सही केली. रखमाबाईच्या कागदावर केली. तिसरा कागद घडी करून कमरेला खोचला. भात वाढायला घेतला, गुळाचा वास सुटला, बायकांनी फेर धरला, कुणीतरी ढोल आणलेलाच होता. गेटाच्या सळ्यांमधून काळुराम दिसत होता, राखेच्या पट्ट्यांसकट, दगडी भिंतीला टेकून बसलेला. जायला जागा होती, पण तो गेला नाही.

लक्ष्मी पोरीला भरवता भरवता आईजवळ सरकली. "आई, बास आता. घे ना त्याला आत."

"माझं झालं," सगुणा म्हणाली. "बिनढोलाचं लगीन कुनाचं लागलेलं?"

"माझं."

"मंग तू सांग, कवा घेऊ."

लक्ष्मीने गेटाकडे बघितलं. कोळशाच्या मिशा घामाने ओघळून काळुरामच्या हनुवटीपर्यंत आल्या होत्या. तिने पोरीच्या तोंडात भाताचा एक घास घातला, मग दुसरा घातला, हात पुसला.

"भात संपू दे," ती म्हणाली.